एकसारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द : कामात नेमकं कुठे अडतं?

निळी शाई (धागाकर्ती)

मराठी माध्यमातून शिकून आता दिवसभर इंग्रजी मेल, कोटेशनं आणि करार हाताळणाऱ्यांसाठी हा धागा. शाळेच्या गाइडातली ठरलेली यादी नको. ज्या जोड्यांमुळे ऑर्डर चुकते, करार उलटा वाचला जातो किंवा फोनवर भलताच आकडा टिपला जातो, त्या हव्यात. आपापल्या क्षेत्रातलंच लिहा आणि जोडी दिलीत तर ओळखायची खूणही द्या. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहूया, स्पेलिंग लागलं तर अक्षरं फोडून.

माझ्याकडून पहिली जोडी : प्रिन्सिपल. कर्जाचं मुद्दल, कॉलेजचे प्राचार्य आणि 'मुख्य' हे विशेषण, या तिन्हींच्या शेवटी ए-एल. एल-ई शेवटी असलेला शब्द म्हणजे फक्त तत्त्व, आणि तो विशेषण म्हणून येत नाही. त्यामुळे 'प्रिन्सिपल अमाउंट', 'प्रिन्सिपल रीझन' असं पुढे नाम आलं की बेलाशक ए-एल.

उच्चारी

यादीआधी एक विभागणी करा, नाहीतर सगळी खिचडी होईल. काही जोड्या खुद्द इंग्रजांनाही सारख्याच ऐकू येतात. तिथे कानाचा उपयोग नाही, स्पेलिंगच पाठ हवं. काही जोड्या फक्त आपल्याला सारख्या वाटतात, कारण देवनागरीत त्या एकाच रूपात बसल्या. तिथे सवयीने तोंड आणि कान दोन्ही सुधारतात.

'वेस्ट' घ्या. मराठीत हे लिहिलं की पश्चिम, वाया गेलेलं, कंबर आणि पुष्कळदा बनियनसुद्धा. यातले 'वाया' आणि 'कंबर' इंग्रजीतही हुबेहूब सारखे : कंबरेत ए-आय, वाया गेलेल्याच्या शेवटी ई. पश्चिम आणि बनियन मात्र उच्चारात साफ वेगळे आहेत, ते एकत्र केले आपण.

खरी गोम 'ए'मध्ये आहे. बॅट, पैज आणि आमिष या तीन शब्दांसाठी इंग्रजीत तीन वेगळे स्वर लागतात. मराठीने पहिल्यासाठी ॲ घडवला. पण पैजेतला आखूड ए आणि आमिषातला शेवटी इकडे वळणारा लांब ए, या दोघांना एकच मात्रा दिली. दोन्ही 'बेट'. असेच पेन (लेखणी, दुखणं), टेस्ट (चाचणी, चव), सेल (विकणे, विक्री), डेट (कर्ज, तारीख), पेपर (मिरी, कागद), शेड (पत्र्याची, सावलीची). प्रत्येक जोडीत पहिला आखूड, दुसरा लांब. तिहेरी नमुना हवा असेल तर लॅटर, लेटर, लेटर : दोहोंतला नंतर सांगितलेला, पत्र, आणि नंतर.

कोथरूडकर

म्हणजे 'पेन आहे का' असं विचारलं की अप्पा बळवंत चौकात बॉलपेन मिळतं आणि दवाखान्यात गोळी. :)

खडूफळा

लांब ए बसवायची रीत : शब्द फोडून म्हणा. पे-इ-न, टे-इ-स्ट, डे-इ-ट. 'इ' स्पष्ट ऐकू येईपर्यंत मुद्दाम जास्त ओढा, मग हळूहळू आवळत आणा. आखूड ए म्हणताना जबडा थोडा जास्त उघडतो आणि स्वर जागचा हलत नाही.

तपासायला फोनचं व्हॉइस टायपिंग इंग्रजीवर ठेवा आणि एकेकटा शब्द बोला. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण वाक्यात फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि उच्चारातली चूक झाकली जाते.

पश्चिम आणि बनियनचं बोलायचं तर आपला 'व' इंग्रजीच्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध पडतो. दात ओठाजवळ जातात, पण घासत नाहीत. डब्ल्यूला ओठ गोल करा, 'उ' म्हणायच्या तयारीत, दात कुठेही लागू देऊ नका : उएस्ट, उआइन. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि हवा घासत सोडा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. गुदगुल्या नाहीत म्हणजे व्ही नाही.

मुद्रितशोधक

खडूफळा, यात मराठी लेखनाचा एक सापळा आहे. व्हीसाठी आपण 'व्ह' लिहितो : व्हॅन, व्हिडिओ, टीव्ही. पण त्याच 'व्ह'ने व्हाइट, व्हील आणि व्हॉट्सॲपही लिहितो, जिथे मुळात डब्ल्यू-एच आहे. व्हेल मासा डब्ल्यू-एचवाला, नवरीच्या चेहऱ्यावरचा व्हेल व्हीवाला. त्यामुळे 'व्ह' दिसला की दात टेकवले असं करू नका. आधी स्पेलिंगात व्ही आहे का ते बघा.

उच्चारी

एकदम बरोबर. दुसरा मोठा गट स आणि झ यांचा : प्राइस (किंमत) आणि प्राइझ (बक्षीस), लूस (सैल) आणि लूझ (हरवणे, हरणे), ॲडव्हाइस (सल्ला) आणि ॲडव्हाइझ (सल्ला देणे). सैलच्या स्पेलिंगात दोन ओ, हरवण्याच्या एकच.

इंग्रजी झेड ओढून धरता येतो, भुंग्यासारखा कितीही वेळ. मराठी 'जहाज'मधला ज ओढता येत नाही, कारण तिथे जीभ दातांमागे टेकून हवा अडवते. म्हणून जीभ टेकू न देता स म्हणा आणि त्यातच घशाचा आवाज मिसळा. आणखी एक खूण, जी शाळेत कुणी सांगत नाही : झच्या आधीचा स्वर लांबतो, सच्या आधीचा तुटक येतो. प्राऽइझ, पण प्राइस्. शेवटचं अक्षर नीट ऐकू आलं नाही तरी स्वराच्या लांबीवरून शब्द कळतो. ऐकणारा इंग्रज बऱ्याच अंशी त्यावरच जातो.

हिंजवडी फेज तीन

'प्लीज ॲडव्हाइस' हे तर आमच्या पट्ट्यात कायमचं वास्तव्याला आहे. क्रियापदात एस हवा, सी नाही.

मुद्रितशोधक

सी म्हणजे नाम, एस म्हणजे क्रियापद. ब्रिटिश वळणात लायसन्स आणि प्रॅक्टिस यांनाही हेच लागू, फक्त तिथे उच्चार बदलत नाही. अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे एसने आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने. म्हणून वर्डची भाषा अमेरिकी असेल तर सीवाल्या लायसन्सखाली लाल रेघ येते आणि लोक बरोबर शब्द बिघडवून ठेवतात. सगळा मजकूर निवडा, मग रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि तिथे इंग्लिश इंडिया निवडा.

सल्ल्याचं अनेकवचन नेहमीच्या वापरात होत नाही. बँकेची 'पेमेंट ॲडव्हाइस' मात्र कागद असतो, त्याच्या दोन-चार 'ॲडव्हाइसेस' असू शकतात.

टूलरूम चाकण

कारखान्याकडे वळू. आमच्याकडे पहिला मान 'डाय'चा. डी-आय-ई म्हणजे प्रेसची किंवा कास्टिंगची डाय, अनेकवचन 'डाइज'. डी-वाय-ई म्हणजे रंगद्रव्य. दिवसभर पहिलीच डाय हातात असल्यामुळे 'डाय पेनिट्रंट टेस्ट'च्या रिपोर्टवरही आय-ई टाइप होतं. तिथे वाय-ई हवं, कारण चाचणीच रंगाची आहे : जॉब (तपासायचा भाग) पुसून तेल-ग्रीस काढायचं, लाल पेनिट्रंट लावायचं, ते भेगेत मुरायला दहाएक मिनिटं द्यायची (नेमका वेळ प्रोसीजर शीटवर असतो), वरचं फडक्याने पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. भेगेत शिरलेला रंग डेव्हलपरवर लाल रेघेसारखा उमटतो. फडक्यावर क्लीनर ओतून पुसता येतं, पण थेट जॉबवर फवारू नका, भेगेतला रंगच धुऊन निघतो. डायचा, म्हणजे साच्याचा, यात काहीही संबंध नाही.

रंगवणे याचं 'डाइंग' लिहिताना ई ठेवायचा : डी-वाय-ई-आय-एन-जी. ई गळाला की अर्थ 'मरणारा'.

'कोर्स' : ए असलेला जाडसर, यू असलेला अभ्यासक्रम किंवा मार्ग. आटे नेहमी ए-वाल्या कोर्सचे. ड्रॉइंगवर नुसतं एम१० लिहिलं असेल तर ते कोर्सच धरायचं, पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.५ मिमी. फाइन हवं असेल तर १.२५ असं पिच लिहावंच लागतं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मागवताना हे बोललं गेलं नाही तर बोल्ट दोन-तीन आटे जाऊन जाम होतो आणि दोष सप्लायरवर जातो.

'लीड' आणि 'लेड' : दोघांचं स्पेलिंग एकच. लेथचा लीड स्क्रू 'लीड', कारण तो पुढे नेतो. शिसं असलेलं सोल्डर 'लेड', म्हणून 'लेड-फ्री'. नेतृत्व केलं याचा भूतकाळसुद्धा 'लेड', पण त्यात ए नाही. 'ही लेड द टीम'मध्ये ए घातला तर वाचणारा शिशावर जातो.

गेज आणि गाउज : जी-ए-यू मापायला, जी-ओ-यू कोरायला. वेल्ड उकरून काढणं हे 'गाउजिंग'. एका अक्षराचा फरक आणि स्पेलचेक गप्प.

ब्रेक : ई-ए मोडणं किंवा सुट्टी, ए-के-ई थांबवणं. मशीन बंद पडणं हे 'ब्रेकडाउन', त्यात ई-ए. तिथे ए-के-ई लिहिलेलं नेहमी दिसतं.

हिंजवडी फेज तीन

टूलरूम साहेब, 'रूट कॉज'पण घ्या. मूळ म्हणजे दोन ओवाला रूट. ओ-यूवाला रूट म्हणजे मार्ग, आणि तो अमेरिकेत बरेच जण 'राउट' म्हणतात.

आमच्याकडचे आणखी दोन. साठवलेल्या डेटाची जागा, सी-ए-सी-एच-ई, तिचा उच्चार 'कॅश', पैशांसारखाच. 'कॅशे क्लिअर कर' हे सर्रास चालतं, पण 'कॅशे' हा शेवटी टी असलेला वेगळा शब्द आहे, अर्थ प्रतिष्ठा. आणि चाचण्यांचा संच असो की हॉटेलातली ऐसपैस खोली, एस-यू-आय-टी-ई म्हणजे 'स्वीट', गोड या शब्दासारखाच उच्चार. शेवटी ई नसलेला 'सूट' अंगावर घालायचा किंवा कोर्टात दाखल करायचा.

दस्तऐवज

करारांकडे येतो. इथे ऐकण्यापेक्षा शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची. ओ-आर म्हणजे देणारा, ई-ई म्हणजे ज्याला मिळतं तो. लायसन्सर घरमालक, लायसन्सी वापरणारा. लेसर भाडेपट्टा देणारा, लेसी घेणारा. (शेवटी ई-आर असलेला 'लेसर' म्हणजे कमी प्रतीचा. तो करारात आला तर टायपिस्टची कृपा.)

सगळ्यात जास्त गफलत गहाणखतात होते. कर्ज बँक देते, म्हणून बँक मॉर्गेजर असं लोक धरून चालतात. पण इथे मोजायचं कर्ज नाही, गहाण. गहाण देता तुम्ही, तेव्हा तुम्ही मॉर्गेजर आणि बँक मॉर्गेजी. कलम वाचताना हे उलटं धरलं की कुणाच्या जबाबदाऱ्या कुणावर, ते सगळंच फिरतं.

'लीव्ह अँड लायसन्स'मधलं लीव्ह म्हणजे सोडून जाणं नाही, अनुमती. आणि हा करार लेखी करून नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, म्हणजे लायसन्सरची.

कोथरूडकर

मग 'ॲबसेंटी' कोण? ज्याला गैरहजेरी मिळाली तो?

दस्तऐवज

तो अपवाद. ॲबसेंटी, एस्केपी, रिटायरी यांत ई-ई असूनही कर्ता तोच. करारातल्या जोड्यांना हा अपवाद लागत नाही, तुमचा मुद्दा फक्त हजेरीपटापुरता.

विम्याचंही सांगून टाकतो. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर 'सम ॲश्युअर्ड' असतं : घटना घडली की ठरलेली रक्कम. आरोग्य विम्यावर 'सम इन्शुअर्ड' : झालेला खर्च, पण त्या कमाल मर्यादेपर्यंतच. पाच लाखांचं इन्शुअर्ड म्हणजे पाच लाख हातात येतील असं नाही. 'खातरजमा करा' या अर्थी मेलमध्ये लिहायचं असेल तर ई ने सुरू होणारा 'एन्शुअर'.

गोळ्या-औषधं

औषधांच्या दुकानात हा विषय चेष्टेचा नाही. हायड्रॅलझीन रक्तदाब उतरवायला, हायड्रॉक्सिझीन खाज आणि ॲलर्जीला. फोनवर दोन्ही एकच वाटतात आणि संगणकावर नावाची पहिली चार अक्षरं टाकली की यादीत खालीवर दिसतात. म्हणून अशा नावांत वेगळा पडणारा तुकडाच कॅपिटल अक्षरांत छापायची पद्धत अमेरिकेत पडली : एकात 'ॲलझीन' मोठं, दुसऱ्यात 'ऑक्सी' मोठं. दुकानात करायचं ते एवढंच : दोन्ही डबे शेजारी ठेवायचे नाहीत आणि देताना 'कशासाठी दिलंय?' असं विचारायचं. नाव चुकेल, आजार सहसा चुकत नाही.

हायपो आणि हायपर तर फोनवर बोलूच नका. हायपोथायरॉइडला थायरॉक्सिन द्यावं लागतं, हायपरला थायरॉइड दाबणारी गोळी. उपचार नेमके उलटे. 'थायरॉइड कमी' किंवा 'थायरॉइड जास्त' असं मराठीत बोललं की प्रश्न मिटला.

आकड्यांत फिफ्टीन आणि फिफ्टी. पंधरात जोर 'टीन'वर, पन्नासात जोर 'फिफ'वर, पण मोजताना पंधराचाही जोर पुढे सरकतो आणि शेवटचा न फोनवर विरतो. म्हणून 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असे अंक सुटे सांगायचे. किंवा सरळ पंधरा आणि पन्नास म्हणा, मराठीत हा गोंधळ उद्भवतच नाही. थर्टीन-थर्टी ते नाइन्टीन-नाइन्टी सगळ्यांना हेच लागू.

खडूफळा

उत्तम प्रतिसाद. शरीरशास्त्राच्या मुलांसाठी भर : 'इलियम' दोन आहेत. मध्ये ई असलेला लहान आतड्याचा शेवटचा भाग, मध्ये आय असलेला कंबरेच्या हाडाचा रुंद भाग. ई म्हणजे 'ईट', अन्नाची वाट.

कॅम्पातला

पुण्यात राहून लष्करी शब्द चुकणं बरं दिसत नाही. सी-ओ-आर-पी-एस म्हणजे 'कोर'. पी आणि एस दोन्ही मुके. एनसीसीतला शेवटचा शब्द 'कोर'च. अनेकवचनाचं स्पेलिंग तेच, उच्चार 'कोर्झ'. शेवटी ई लागला की 'कॉर्प्स', म्हणजे प्रेत. निमंत्रणपत्रिकेवर हा ई आला तर काय होईल ते सांगायला नको.

कर्नल दोन : हुद्द्याचा सीने सुरू होतो आणि त्यात आर कुठेच नाही, केवाला म्हणजे धान्याचा किंवा बीचा गर, आणि संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. उच्चारात कणाचाही फरक नाही.

देहू रोडची फॅक्टरी 'ऑर्डनन्स', मध्ये आय नाही, अर्थ तोफा-दारूगोळा. आय घातला की 'ऑर्डिनन्स', अध्यादेश, जो राष्ट्रपती कलम १२३ खाली आणि राज्यपाल कलम २१३ खाली काढतात. नोकरीच्या अर्जावर लोक बिनदिक्कत 'अध्यादेश कारखाना' लिहून मोकळे होतात.

निळी शाई

धागा फळला! सोसायटीच्या नोटिसांसाठी काही आहे का? तिथे रोज नवीन इंग्रजी वाचायला मिळतं.

मुद्रितशोधक

भरपूर. 'ऑल्टरनेट डे वॉटर सप्लाय' म्हणजे दिवसाआड पाणी. 'ऑल्टरनेटिव्ह वॉटर सप्लाय' म्हणजे पर्यायी, अर्थात टँकर. चुकीचा लावलात तर लोक भलत्याच दिवशी बादल्या भरतील. अमेरिकी वापरात पहिला शब्द पर्यायी या अर्थानेही येतो, म्हणून नोटिशीत तारखाच लिहा.

आवार या अर्थी 'प्रेमिसेस', शेवटचा एस कधीच काढायचा नाही, एकच इमारत असली तरी. एस नसलेला 'प्रेमिस' म्हणजे युक्तिवादातलं गृहीतक. 'नो पार्किंग इन धिस प्रेमिस' ही पाटी तर्कशास्त्राच्या वर्गात शोभेल.

'स्यूएज' म्हणजे सांडपाणी, 'स्यूअरेज' म्हणजे ते वाहून नेणारी नळ-चेंबरची व्यवस्था. तुंबतं ते दुसरं, वास येतो तो पहिल्याचा. दुरुस्तीच्या कोटेशनवर दुसरा शब्द हवा.

'कॉम्प्लिमेंटरी' : आय असलेला फुकट किंवा कौतुकाचा, ई असलेला पूरक. स्टेशनरी : वह्या-पेनांच्या शेवटी ई-आर-वाय, एन्व्हलपच्या ईवरून लक्षात ठेवा. ए-आर-वाय म्हणजे एका जागी उभं.

अफेक्ट-इफेक्ट तुम्ही वगळलंत ते ठीक, पण गाइडातला 'ए म्हणजे क्रियापद, ई म्हणजे नाम' हा नियम एका जागी उलटतो. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं. 'अफेक्ट अ चेंज' लिहिलं तर होऊ घातलेल्या बदलावर परिणाम करणं असा वेगळाच अर्थ होतो. करारात 'टू इफेक्ट पेमेंट' दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करू नका.

स्पेलचेक यातलं बरंचसं पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं खरी आहेत. आपल्या चुकणाऱ्या दहा-बारा शब्दांची यादी ठेवा आणि मजकूर संपल्यावर कंट्रोल-एफने एकेक शोधून वाक्यात तपासा. वाचून जाण्यात हे शब्द डोळ्यांतून निसटतात, शोधून थांबलं की दिसतात.

निळी शाई

शेवटचा प्रश्न. विम्याच्या फॉर्मवरचा 'डिपेंडंट' कोणता? एकावर ए-एन-टी आहे, दुसऱ्यावर ई-एन-टी.

मुद्रितशोधक

अवलंबून असलेली व्यक्ती या अर्थी ब्रिटिश वळणात ए-एन-टी, अमेरिकी वळणात ई-एन-टी. 'अवलंबून' हे विशेषण दोन्हीकडे ई-एन-टी. फॉर्मवर जे छापलंय तेच सोबतच्या पत्रातही ठेवा, म्हणजे काउंटरवर कुणी शंका काढणार नाही.